धोटा, चाळ आणि इतिहासातील भागीदारी

अलीकडे 'वारसा' या शब्दाला फार भाव आला आहे. शासनाच्या परिपत्रकांत तो आहे, विद्यापीठांच्या प्रकल्पांत तो आहे, बिल्डरांच्या जाहिरातींतही तो आहे. आपण या शब्दाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. मराठीत वारसा म्हणजे मुळात जमिनीवरचा, घरावरचा, वतनावरचा हक्क. बापाच्या मागे मुलाचे नाव तलाठ्याच्या दप्तरात चढते, ती वारसनोंद. या अर्थाने पूर्वास्पृश्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या जो वारसा आला तो महारकीचा, येसकरकीचा, मेलेली गुरे ओढण्याचा. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने त्यावर सरकारी शिक्काही बसला होता. तो वारसा नाकारण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. महारवतने रद्द करणारा कायदा व्हायला मात्र १९५८ साल उजाडावे लागले. म्हणजे आपला आधुनिक इतिहास वारसा जपण्यापासून सुरू झालेला नाही. तो वारसा टाकून देण्यापासून सुरू झालेला आहे. तेव्हा कोणी वस्तीत येऊन 'तुमचा वारसा आम्हाला सांगा' म्हणाला, तर 'कोणता?' असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयांतून 'बहुविद्याशाखीय' संशोधनाचे वारे जोरात वाहू लागले आहे. शहराचा इतिहास, वास्तूंचे जतन आणि 'स्थानिक समुदाय' यांची सांगड घालणारे प्रकल्प मांडले जातात. इतिहासकार, वास्तुशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि संगणकाचे जाणकार एकत्र येतात, आणि या सगळ्याला भागीदारी म्हणतात. कल्पना चांगली आहे, हे आधीच सांगून टाकतो. या लेखाचा हेतू तिची टिंगल करण्याचा नाही. पण भागीदारी हा शब्द आपल्या आजोबांना माहीत होता. वाट्याने केलेल्या शेतीतही भागीदारीच असे. राबणाऱ्याचा घाम, त्याच्या बायकापोरांची खुरपणी, आणि खळ्यावर मापे पडू लागली की धान्य दुसऱ्याच्या कणगीत.

काही वर्षांपूर्वी गिरण्यांच्या वारशावरील एका परिसंवादाला मी गेलो होतो. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही. असे परिसंवाद सर्वत्र एकाच साच्यातून निघतात. पडद्यावर गिरणीच्या करवतदाती छपरांची अप्रतिम छायाचित्रे दाखवली गेली. उत्तरेचा प्रकाश आत घेणारी ती छपरे, ओतीव लोखंडाचे खांब, दगडी चिमणी. एका निवृत्त कामगाराला पुष्पगुच्छ देण्यासाठी बोलावले होते आणि समारोपाआधी 'अनुभवकथना'साठी पाच मिनिटे दिली होती. ते उभे राहिले आणि छायाचित्रे दाखवणाऱ्या विदुषींना म्हणाले, "बाई, ही शेड कुठल्या खात्याची?" त्यांना ते ठाऊक नव्हते. कामगार म्हणाले, "साचाखात्याची असंल तर ती माझ्या बापानं आतून बघितली नाही." एवढे बोलून ते बसले. चहाची वेळ झाली होती.

त्या एका वाक्यात मुंबईच्या कापडगिरण्यांचा असा इतिहास आहे, जो कोणत्याही एका विद्याशाखेच्या हाती पूर्णपणे लागत नाही. म्हणून तो येथे जरा सविस्तर मांडतो.

मुंबईत कापडगिरणीचा आरंभ १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला काढलेल्या कंपनीपासून धरतात. पुढे परळ, लालबाग, भायखळा, वरळी, शिवडी या भागांत गिरण्या पसरल्या आणि गिरणगाव उभे राहिले. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, त्यांत महार, चांभार, मांग होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला भोंग्याच्या आवाजात आपली जात विरघळून जाईल असे वाटले असल्यास नवल नाही. यंत्राला जात नसते, असे आपले पुरोगामी मित्र आजही सांगतात. परंतु गिरणीत खाती होती. कापूस फोडणारे, पिंजणारे, सूत कातणारे, कांड्या भरणारे आणि शेवटी कापड विणणारे. या सगळ्यांत विणाईचे खाते, ज्याला कामगार साचाखाते म्हणत, ते पगाराने वरचढ. दोन साचे चालवणारा विणकर हा साध्या कामगारांत सर्वांत चांगली कमाई करणारा. आणि या खात्याचे दार अस्पृश्यांना बंद होते. आपले लोक कताईच्या बाजूला, रिंगखात्यात आणि हलक्या कामांवर.

कारण काय सांगत? धोटा. धोट्यातील कांडीचे सूत संपले की विणकराने नवी कांडी बसवायची, धोट्याच्या बाजूच्या छोट्या भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढून सुताचे टोक बाहेर काढायचे. दिवसातून शेकडो वेळा ही क्रिया होई. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला. अस्पृश्याची लाळ लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? झाले, दार बंद. जे पाण्याच्या मडक्याचे तेच धोट्याचे.

आता या घटनेकडे एकेका विद्याशाखेच्या खिडकीतून पाहा. अर्थशास्त्रज्ञाला दिसते ती दोन खात्यांच्या मजुरीतील तफावत; ती कौशल्याची किंमत आहे असे तो लिहून मोकळा होतो. कामगार चळवळीचा इतिहासकार संप मोजतो. वास्तुशास्त्रज्ञाला छप्पर दिसते. समाजशास्त्रज्ञाला अस्पृश्यता दिसते, पण ती त्याला गावातून शहरात आलेली जुनी सवय वाटते, आज ना उद्या सुटणारी. आणि यंत्रशास्त्राचा जाणकार तर या चर्चेला बोलावलेलाच नसतो.

नेमके त्यालाच बोलावले पाहिजे होते. वस्त्रतंत्र शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राने एक जुना लाकडी धोटा आणून माझ्या वर्गापुढे ठेवला आणि जे सांगितले ते माझ्या इतिहासाच्या पुस्तकांत मला कधी सापडले नव्हते. लँकेशायरच्या विणकरांतही धोटा तोंडाने ओढण्याची हीच रीत होती आणि तिथेही तिच्याविरुद्ध तक्रारी झाल्या. पण त्या विटाळाच्या नव्हत्या, रोगांच्या होत्या. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागल्याने संसर्ग होतो, छातीत सुताचा तंतू जातो, दात किडतात, या त्या तक्रारी. हाताने सूत ओवता येईल असे धोटे निघाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत तयार झालेल्या नॉर्थ्रॉप मागात तर सूत आपोआप ओवले जाण्याची सोय होती. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये तोंडाने ओढायच्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. लँकेशायरच्या देशात, इंग्लंडमध्ये, ती बंदी यायला १९५२ साल लागले. तिथल्या मालकांनाही धोटे बदलण्याचा खर्च नको होता, हेही लक्षात ठेवावे.

याचा अर्थ असा की धोटा हे कारण नव्हते. धोटा ही सबब होती. यंत्रात बदल करता येत होता. मालकाला तो करण्याची निकड नव्हती, कारण बंद दाराचे त्याला काही नुकसान नव्हते. भरती जॉबरच्या हाती होती आणि जॉबर आपल्या गावचे, आपल्या जातीचे, आपल्या नात्याचे उमेदवार आणी. चांगल्या पगाराच्या जागा अशा रीतीने राखीव झाल्या होत्या. राखीव जागांवर आज ज्यांचे पोट दुखते त्यांनी हे आरक्षण ध्यानात घ्यावे. विटाळ ही गोष्ट नुसती मनात नव्हती, ती पगारपत्रकात होती. आणि हे सिद्ध करायला इतिहासकाराच्या शेजारी यंत्रज्ञ बसावा लागतो. दोघांच्या समोर, ज्याच्या बापाला दारावरून परत पाठवले गेले तो माणूस बसावा लागतो.

आणखी एक विसंगती. विदर्भात महारांच्या हातमागावर जाडेभरडे कापड पिढ्यान् पिढ्या विणले जात होते. ते कापड नेसताना कोणाला विटाळ झाल्याचे ऐकिवात नाही. विणणे ज्यांच्या हाडीमासी होते त्यांचेच जातभाई मुंबईच्या विणाईखात्यात अपवित्र ठरले.

१९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मान्य करा, तो मागण्यांत घाला. नाहीतर संपाला पाठिंबा मागू नका, असा त्यांचा रोखठोक पवित्रा होता. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाइलाजाने. मालकांनी हात झटकले. अन्याय असलाच तर तो आम्ही केलेला नाही, तुमच्या कामगारांनी केला आहे, असे त्यांचे म्हणणे. हे उत्तर ढोंगी होते, पण ते देण्याची संधी त्यांना कामगारांनीच दिली होती, हेही खरे. पुढे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप घडवला. ज्यांना बाबासाहेब 'वर्ग' विसरले असे वाटते त्यांनी आणि ज्यांना बाबासाहेबांनी वर्गाचे नावही घेऊ नये असे वाटते त्यांनी, दोघांनीही, धोट्यापासून या संपापर्यंतची दहा वर्षे एकत्र वाचावीत.

त्याच १९३८ साली जी. आर. प्रधान यांचा मुंबई शहरातील अस्पृश्य कामगारांवरचा अभ्यास इंग्रजीतून ग्रंथरूपाने आला. म्हणजे विद्यापीठाचे लक्ष आपल्याकडे गेलेच नव्हते असे नाही. पण त्या काळच्या अशा पाहण्यांत माणूस आकड्याच्या रूपाने येई. त्याचे उत्पन्न, त्याचे कर्ज, त्याच्या खोलीतील माणसे मोजली जात. तो काय समजत होता, हा प्रश्न प्रश्नावलीत नसे.

तो प्रश्न विचारणारे काम बऱ्याच उशिरा झाले, आणि ते झाले तेव्हा गिरण्याच उरल्या नव्हत्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो संप रीतसर कधी संपलाच नाही, माणसे संपली. १९९१ आणि २००१ मध्ये विकास नियमावलीत बदल होऊन जमिनींची दारे उघडली गेली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यावर मोहोर उठली. या पडझडीच्या काळात गिरणी कामगारांच्या लढ्यात काम करणाऱ्या मीना मेनन आणि वास्तुशास्त्रज्ञ नीरा आडारकर यांनी गिरणगावातील शंभराच्या आसपास माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. त्याला राजनारायण चंदावरकर या व्यासंगी इतिहासकाराची दीर्घ प्रस्तावना आहे. पुढे तो मराठीतही आला. कार्यकर्ती, वास्तुशास्त्रज्ञ आणि इतिहासकार अशी ही भागीदारी आहे, आणि मला वाटते ती या क्षेत्रातील प्रामाणिक भागीदारींपैकी एक आहे. तिच्यात कामगार, शाहीर, संघटक, खानावळवाल्या बायका स्वतःच्या शब्दांत बोलतात, एकमेकांचे म्हणणे खोडतात, आणि संपादकांनी ती खोडाखोड पुसून टाकलेली नाही. लढ्यात उभे राहून केलेले हे काम आहे. प्रकल्पाची मुदत संपली म्हणून थांबलेले नाही.

तरीही एक टोचणी राहते. गिरणगावाची जी आठवण आज सर्वत्र रूढ झाली आहे, ती भजनीमंडळे, दहीहंडी, गणपती, व्यायामशाळा आणि लाल बावट्याची. त्या आठवणीत आपली चाळ कोठे आहे? आंबेडकरी जलसे याच गल्ल्यांत झाले, १४ एप्रिलची मिरवणूक याच रस्त्यांवरून गेली, आणि ती जाताना काही खिडक्या लावून घेतल्या गेल्या. 'गिरणगावची संस्कृती' हा शब्द उच्चारताच या दोन मुंबया एक होऊन जातात, आणि एक झालेल्या आठवणीत नेहमी मोठी आठवण जिंकते.

चाळींच्या बाबतीत हे डोळ्यांनी दाखवता येते. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये शहर सुधार ट्रस्ट निघाला, त्याच्या त्या बी.आय.टी. चाळी. परळच्या पोयबावडीतील अशाच चाळीत खोली क्रमांक ५० आणि ५१ मध्ये बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला आले ते त्या चाळीत. बॅरिस्टर झालेला, कायदेमंडळात बोलणारा, गोलमेज परिषदेला जाऊन आलेला माणूस सार्वजनिक नळ असलेल्या चाळीत राहत होता. १९२० मध्ये स्थापन झालेल्या विकास खात्याने पुढे वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या, त्यांतील १२१ एकट्या वरळीत. त्या बी.डी.डी. चाळी. एका चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. वास्तुशास्त्राच्या दृष्टीने सगळ्या चाळी सारख्याच. एकच नकाशा २०७ वेळा काढलेला. म्हणून वास्तूंचा वारसा शोधणाऱ्याला त्यांत पाहण्यासारखे काही सापडत नाही.

पण वरळीच्या कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो चाळीचे क्रमांक सांगेल आणि क्रमांकावरून वस्ती सांगेल. या आपल्या, त्या त्यांच्या. नकाशावर जे एकसारखे होते ते जमिनीवर वाटले गेले होते. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या सभेनंतर जी दंगल पेटली ती चाळीचाळींमधील याच रेषांवरून धावली. १० जानेवारीला परळमध्ये मोर्चावर झालेल्या हल्ल्यात भागवत जाधव हा पँथरचा तरुण कार्यकर्ता मारला गेला. पुढे न्या. भस्मे आयोगाने चौकशी केली. आयोगाचे कागद आहेत, वर्तमानपत्रांची कात्रणे आहेत. पण कोणत्या गच्चीवरून दगड आले, कोणत्या जिन्याने बायकांनी मुलांना खाली नेले, कोणत्या सवर्ण शेजाऱ्याने दार उघडले आणि कोणी लावून घेतले, हे एकत्र मांडायचे तर इतिहासकाराला नकाशा काढणारा जोडीदार हवा आणि दोघांना चाळीतल्या बाईचा शब्द हवा. हे काम व्हायला हवे, आणि त्याला आता वेळ उरलेला नाही. या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. वरळीतील नव्या इमारतींतील पहिल्या घरांच्या चाव्या २०२५ मध्ये दिल्या गेल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाने मोठे घर घेऊ नये आणि आमच्या अभ्यासासाठी जिना जपावा, असे म्हणणारा संशोधक मला भेटला तर मी त्याला त्या चाळीच्या सार्वजनिक संडासाच्या रांगेत सकाळी सहाला उभा करीन. चाळ पडू द्या. पण ती पडण्यापूर्वी तिची साक्ष घ्या.

वारशाची अधिकृत यादी कशी बनते, हेही या संदर्भात पाहिले पाहिजे. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. युनेस्कोने २००४ मध्ये बोरीबंदरच्या स्थानकाला आणि २०१८ मध्ये गॉथिक व आर्ट डेको इमारतींच्या समूहाला जागतिक वारशाचा मान दिला. त्या इमारती सुंदर आहेत, त्यांचे जतन व्हावे याबद्दल दुमत नाही. मात्र शैली आणि दगड यांच्या मापाने जिथे वारसा मोजला जातो, तिथे एखादी साधी कौलारू किंवा पत्र्याची वास्तू कधी बसणार? २५ जून २०१६ च्या रात्री दादरचे आंबेडकर भवन आणि त्यातील बुद्धभूषण प्रेस पाडले गेले. 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ज्या छापखान्याशी जोडलेले होते तो छापखाना एका रात्रीत ढिगारा झाला. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. त्या मोर्च्यातील माणसांना वारसा म्हणजे काय, हे कोणा तज्ज्ञाने शिकवले नव्हते. आपल्या लोकांत त्या पाडकामावरून मतभेद होते, आजही आहेत. ते मी लपवीत नाही. पण ती जुनी वास्तू आधीच कोणत्या तरी यादीत असती, तिचे मोजमाप आणि चित्रीकरण झालेले असते, तर निदान ढिगाऱ्यात काय गेले ते आपल्याला नेमके सांगता आले असते.

यावर एक आक्षेप येईल. बाहेरच्या विद्वानांची वाट कशाला पाहता? आपला इतिहास आपण लिहू. हे खरे आहे, आणि आपण तो लिहिलाही आहे. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये काढला, तो कोणत्याही विद्यापीठाच्या अनुदानावर नव्हे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. दोघी पेशाने इतिहासकार नव्हत्या. मौखिक इतिहास या नावाचा गाजावाजा मराठी विद्यापीठांत व्हायच्या आधी त्यांनी तो करून दाखवला. ज्या बायकांची नावे परिषदांच्या वृत्तांतात 'बहुसंख्य भगिनी उपस्थित होत्या' एवढ्यावर संपत, त्यांना नाव, गाव आणि आवाज मिळाला. भागीदारीचा खरा नमुना पाहायचा तर तो येथे आहे: सांगणारी आणि लिहिणारी एकाच ओसरीवर बसलेली.

महाडच्या १९२७ च्या परिषदेचे एक प्रमुख संघटक आणि पुढे कम्युनिस्ट कार्यकर्ते झालेले आर. बी. मोरे यांच्या आठवणींची कथाही बोलकी आहे. त्यांनी लिहिलेले अपुरे आत्मवृत्त आणि त्यांचे पुत्र सत्येंद्र मोरे यांनी लिहिलेले चरित्र मराठीत होते. वंदना सोनाळकर यांनी अनुवाद केला, अनुपमा राव या इतिहासकार प्राध्यापिकेने संपादन केले, आणि २०१९ मध्ये ते इंग्रजीत आले. तेव्हा कुठे जगाला समजले की गिरणगावात दलित आणि कम्युनिस्ट ही दोन वेगळी माणसे असण्याचे कारण नव्हते. हे कार्य घरातल्या माणसाने सुरू केले आणि बाहेरच्या अभ्यासकांनी पुढे नेले. क्रम असा असला की भागीदारीला अर्थ येतो.

मात्र 'आपला इतिहास आपणच' या घोषणेत एक खड्डा आहे, आणि त्यात आपणच पडतो. मी बौद्ध घरातला आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी वस्तीच्या आठवणी गोळा करायला पाठवले तेव्हा त्यांनी जे आणले त्यांत बहुतेक सारे बौद्ध पुरुष, त्यांतही चळवळीतले. मातंग घरे दोनच. मुंबईची गटारे आणि रस्ते ज्यांनी साफ केले त्या गुजरातेतून आलेल्या मेघवाळांची आणि उत्तरेकडून आलेल्या वाल्मीकींची एकही मुलाखत नाही. गिरणीच्या कांड्या भरण्याच्या खात्यात बायका होत्या, त्यांच्यावर नायकीण असे, आणि पहिल्यांदा कपात झाली की ती त्यांचीच होई. त्यांच्याबद्दल एका विद्यार्थ्याने त्यांच्या मुलाला विचारले होते. आई समोरच बसलेली होती. मी त्याला परत पाठवले. प्रस्थापितांनी आपल्याला वगळले म्हणून आपण वगळण्याचा अधिकार कमावला, असे होत नाही.

म्हणून बाहेरचा जोडीदार हवाच. त्याच्याशी व्यवहार मात्र रोखीचा असावा. वस्तीत ध्वनिमुद्रण केले तर त्याची प्रत वस्तीतल्या वाचनालयात राहिली पाहिजे, आणि ती मराठीत ऐकता आली पाहिजे. ज्याने सांगितले त्याचे नाव, त्याची इच्छा असेल तर, आभारांच्या पानावर नव्हे तर मजकुराच्या माथ्यावर यावे. छापण्यापूर्वी त्याला ते वाचून दाखवावे, आणि तो म्हणाला 'हे असं नव्हतं', तर तेही छापावे. पदवीसाठी दलित वस्ती 'केली' आणि पुन्हा तिकडे फिरकले नाहीत, असे संशोधक मी पाहिले आहेत; त्यांत सवर्ण होते, तसे आपलेही होते. पहिल्या पिढीतील पदवीधराला वस्ती मागे टाकण्याची घाई असते. हे मी स्वतःवरून लिहितो.

परिसंवादात बोललेल्या त्या कामगारांकडे मी नंतर गेलो. वयाने ऐंशीच्या पुढे, रिंगखात्यात नोकरी झालेली, ब्याऐंशीच्या संपात घरी बसलेले. माझ्याबरोबर तो वस्त्रतंत्राचा मित्र होता आणि त्याचा धोटा होता. मित्राने विचारले, "बाबा, हे कसं ओढायचे, तुम्ही पाहिलंय का?" त्यांनी धोटा हातात घेतला, उलटासुलटा केला, अंगठ्याने भोक चाचपले. मग ओठांपर्यंत नेला आणि हसत खाली ठेवला. म्हणाले, "माझ्या वेळेला जात होतो आम्ही साचाखात्यात. कोण अडवत नव्हतं. पण म्हातारा घरी विचारायचा, आज आत गेलास काय? रोज विचारायचा. मी नुसता ऑइलिंगवाल्याला निरोप द्यायला गेलो असलो तरी हो म्हणायचो." मित्राने ते लिहून घेतले. त्याच्या वहीत त्या दिवसापर्यंत फक्त यंत्रांचे भाग होते.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले आहे. तिथे माग असेल, धोटा असेल, शेजारी एखादी पाटी असेल. पाटीवर बहुधा मागाचे साल आणि बनावट लिहिली जाईल. त्या पाटीचा मसुदा आपण आजच तयार करून पाठवला पाहिजे. त्यात मागाच्या सालाखाली एवढे असावे की या यंत्राशी उभे राहण्यास कोणाला मनाई होती, कोणत्या कारणाने, आणि ते कारण यंत्रात नव्हते. माझ्या वर्गातील मुलांनी मसुदा लिहायला घेतला आहे. दोन ओळींवरून त्यांच्यात वाद चालू आहे: 'मनाई होती' लिहायचे की 'मनाई केली' लिहायचे, आणि केली तर कोणी.